आमच्या प्रोग्रॅमबरोबर काम करेल का?

आमच्या दुकानातला कॉम्प्युटर घरचं मराठी बोलायचा. त्याला आवाज नव्हता. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटायची, तीही इंग्रजी लिपीतली, पण भाषा मात्र आमच्या स्वयंपाकघरातली. सकाळी बटण दाबलं की मशीन बराच वेळ खरखर करायचं आणि मग विचारायचं, 'अप्पा, चहा झाला की नाही?' अप्पा म्हणजे माझे वडील. ते चष्मा पुसत खरोखर उत्तर द्यायचे, "झाला रे, कधीच झाला." मग एक बटण दाबायचं आणि बिलांचं काम सुरू व्हायचं.

तो प्रोग्रॅम माझ्या धाकट्या भावानं लिहिला होता. राजाजीनगरला आमचं पाण्याच्या मोटारींचं दुकान होतं. बोअरवेलच्या, गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायच्या, लहानमोठ्या सगळ्या मोटारी आम्ही विकायचो, बसवून द्यायचो आणि बिघडल्या की दुरुस्तही करायचो. आमचं घराणं बंगळूरला इतक्या पिढ्या राहिलं आहे की मूळ गाव कुठलं असं कुणी विचारलं तर आम्हाला राजाजीनगरच सांगावं लागतं. मराठी घरात बोलायचं आणि देवापुढे म्हणायचं, लिहायचं वाचायचं ते कन्नडमध्ये. अप्पांची सगळी शाळा कन्नडमध्ये झाली होती. इंग्रजी अक्षरं त्यांना जोडून जोडून वाचता यायची, पण अर्थ लागायचा नाही.

धाकट्यानं कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि कुठल्याशा ऑफिसातून निघालेलं एक जुनं मशीन आणून गल्ल्याशेजारी मांडलं. अप्पांनी पहिल्याच दिवशी हात झटकले. "हे इंग्रजीत काय विचारतंय ते मला काय कळणार? मला बेडा," म्हणाले. बेडा म्हणजे नको. धाकटा हसला. पुढचे कितीतरी दिवस तो त्या मशीनपुढे मान मोडून बसला आणि सगळा प्रोग्रॅम त्यानं असा लिहिला की तो थेट अप्पांनाच हाक मारेल. अक्षरं जोडत मोठ्यानं वाचलं की अप्पांना आपलीच भाषा ऐकू येई. चुकीचा आकडा दाबला तर 'अप्पा, चष्मा घाला.' छापायला वेळ लागला तर 'स्वल्प थांबा की, कागद येतोय.' मागितलेली मोटर शिल्लक नसली तर 'ही संपली. दुसरी खपवा.' अप्पा कधी हसायचे, कधी "गप रे, मला शिकवतोस?" म्हणून पडद्यावरच ओरडायचे. दुकानात आलेली माणसं बघत राहायची.

गिऱ्हाइकांची नावंही त्यानं घरचीच ठेवली होती. आमच्याकडे गिऱ्हाइकाला नावानं हाक मारायची पद्धतच नव्हती. टाकीवाली अक्का, देवळासमोरचे मामा, दोन बोअरवाले अण्णा, खोकणारी अज्जी. खरं नाव बिलावर खाली बारीक अक्षरात छापलं जायचं, पण शोधायचं झालं तर अक्का आणि मामा म्हणूनच शोधायचं. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. अज्जीलाही नाही.

मग धाकटा गेला. कावीळ झाली, साधीच वाटली, पथ्यपाणी केलं, झाडपाला केला, इस्पितळ केलं, आणि बघता बघता सगळं आटोपलं. त्यानं पंचविशीही गाठली नव्हती. आई आम्ही लहान असतानाच गेलेली, त्यामुळे त्याला अर्धामुर्धा मीच वाढवला होता. त्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही. लिहायला बसले की पुढचं लिहून होत नाही.

मी तेव्हा मल्लेश्वरमच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते. ती नोकरी सोडली आणि दुकानात येऊन बसले. नातलग म्हणाले, आता हिचं लग्न राहिलं. राहिलं तर राहिलं. बोलणाऱ्यांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. दुकान चालवायला येणार होते का ते?

तेराव्यानंतर आम्ही दुकान उघडलं. अप्पा खुर्चीवर बसले आणि त्यांनी मशीन सुरू केलं. मी मागेच उभी होते आणि पडद्यावर काय येणार ते मला एकदम आठवलं. पुढे होऊन ते बंद करावं असं वाटलं, पण तोवर अक्षरं उमटली होती. 'अप्पा, चहा झाला की नाही?' अप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "झाला रे," म्हणाले. आणि बटण दाबून बिल करायला लागले. त्या दिवसापासून सकाळी अप्पा येईपर्यंत मी त्या मशीनला हात लावत नसे. दिवसभरात मी त्यावर बसायची, मेकॅनिक बसायचा, पण सकाळची ती पहिली हाक अप्पांची होती. घरी ते दोन दोन दिवस शब्द बोलत नसत. बोलायचे ते तिथे, त्या खुर्चीत बसून.

दोनेक वर्षं अशी गेली. शहर मात्र थांबलं नव्हतं. हेब्बाळच्या तळ्याकडे मोठमोठ्या इमारती उठत होत्या, पूर्वेला महादेवपुऱ्याकडे कंपन्या येत होत्या, आणि प्रत्येक ठिकाणी पाणी वर चढवायला मोटर लागत होती. अशा ठिकाणची माणसं वेगळी. त्यांना तक्रारीचा नंबर हवा, मागच्या खेपेला कोण आलं होतं ते हवं, पुढची सर्व्हिस कधी ते आपण होऊन कळवायला हवं. आमच्याकडे तक्रार म्हणजे फोन, आणि फोन म्हणजे जो उचलेल त्याच्या डोक्यात. धाकट्याचा प्रोग्रॅम बिलं करायचा आणि गोदामातला माल सांभाळायचा. तक्रारी तो असताना त्याच्या डोक्यात असायच्या. तो गेल्यावर त्या कुणाच्याच डोक्यात राहीनात. भर उन्हाळ्यात खोकणाऱ्या अज्जीची मोटर बंद पडली, तिनं फोन केला, कुणीतरी "हो हो" म्हणालं आणि विसरलं. अज्जी दुसऱ्या दुकानाकडे गेली. मग दोन बोअरवाले अण्णाही गेले. दुकान असं हळूहळू गळत होतं आणि अप्पांना दिसत असूनही ते बोलत नव्हते.

हेब्बाळच्या एका मोठ्या वसाहतीच्या मॅनेजरनं सांगितलं, तुमचं काम चांगलं आहे, सगळ्या मोटारींची देखभाल तुम्हालाच देतो, पण तक्रारींची कॉम्प्युटरवर नीट व्यवस्था करा. गिऱ्हाइकांची सगळी माहिती सांभाळणारी सॉफ्टवेअर तेव्हा नुकती बाजारात येऊ लागली होती. मी अप्पांसमोर विषय काढला. मला वाटलं होतं, नाही म्हणतील. ते म्हणाले, "घे की. पण आधी विचार, आमच्या प्रोग्रॅमबरोबर काम करेल का?"

पुढे जो जो विकायला आला त्याला अप्पांनी हा एकच प्रश्न विचारला. किंमत मी विचारायची, बाकीचं मी बघायची. येणाऱ्यांना वाटायचं, म्हातारा धंद्यात मुरलेला आहे, चालत्या गाडीला खीळ बसू नये म्हणून जपतोय. मला खरं कारण माहीत होतं. अप्पांना त्या प्रोग्रॅमखेरीज दुसरं बोलायला कुणी उरलं नव्हतं, आणि तोही कुणी उचलून फेकला तर काय, या भीतीनं त्यांची झोप उडाली होती.

पहिला आला तो पुण्याचा, गळ्यात टाय बांधलेला. आधी हिंदीत सुरू झाला. आम्ही मराठी आहोत कळल्यावर खूश झाला, आणि आमचं मराठी ऐकल्यावर आणखीच. "हे कुठलं मराठी, काका? भारी आहे," म्हणाला. आमची माणसं इथे आली तेव्हा याचं पुणं केवढं होतं ते विचारायला हवं होतं, पण माणूस दारात आला की चहा द्यावा लागतो. त्यानं आमचा प्रोग्रॅम चालवून बघितला आणि 'ही संपली, दुसरी खपवा' वाचून खो खो हसला.

"ॲक्च्युअली काका, हा सगळा डॉसमधला कचरा आहे. सॉरी हं, पण स्पष्ट सांगतो. यात वर्षाचे दोनच आकडे ठेवलेत. दोन हजार साल उजाडलं की शून्य शून्य येणार आणि हा प्रोग्रॅम मरणार."

"मरणार म्हणजे?" अप्पांनी विचारलं.

"म्हणजे डेड. संपला. त्यापेक्षा आत्ताच फेकून द्या आणि सगळं नवं घ्या."

अप्पा उठले आणि मागच्या गोदामात निघून गेले. मी त्या माणसाला म्हटलं, "तुमचा चहा गार होतोय." त्याचा काही दोष नव्हता, त्याला काय माहीत. तरी मला त्याचा जो राग आला तो आजही पुरता गेलेला नाही.

नंतर आणखी येऊन गेले. सगळे म्हणायचे, होईल, जुळवून देऊ, काळजी नको. रंगीत पडद्यावर काय काय दाखवायचे, आणि प्रत्यक्ष आमच्या मशीनशी जोडायची वेळ आली की बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. एकांनी खरंच जोडून बघितलं. त्यांच्या सॉफ्टवेअरला माणसाचं आधी नाव आणि मग आडनाव लागायचं. त्यानं आमची गिऱ्हाइकं वाचली, 'अक्का' हे आडनाव धरलं आणि टाकीवाली, कोपऱ्यावरची, दळणवाली या सगळ्या अक्का एकच बाई आहे असं ठरवून टाकलं. एकच ठेवली, बाकीच्या दुबार म्हणून काढून टाकल्या. मामांचंही तेच. सगळं राजाजीनगर एका मामात आणि एका अक्कात आटोपलं. अप्पा त्या दिवशी फार दिवसांनी हसले. पण संध्याकाळी घरी जाताना म्हणाले, "अक्का, त्याच्याबरोबर कुणाचं जमत नाही की गं." मलाही सगळे अक्काच म्हणत, अप्पासुद्धा.

शेवटी जमवलं ते एका मुलीनं. धाकट्याच्याच वयाची असेल. राजाजीनगरातच एका वह्यापुस्तकांच्या दुकानावर तिची एक खोली होती आणि लहान दुकानदारांसाठी तिनं गिऱ्हाइकांचा एक प्रोग्रॅम लिहिला होता. ती कन्नड बोलायची, आम्हीही तिच्याशी कन्नडमध्येच बोलायचो. तिनं आमचं मशीन सुरू केलं, चहाचा प्रश्न आला, आणि तिनं मला अर्थ विचारला. मी सांगितला. ती हसली नाही. बटणावरचा हात काढून घेतला आणि अप्पांकडे बघत थांबली. अप्पा जरा लाजले आणि हळूच म्हणाले, "झाला."

मग तिनं प्रोग्रॅमच्या आतलं सगळं उघडून वाचलं. बराच वेळ वाचत होती. अप्पा समोर बसून तिच्या तोंडाकडे बघत होते, मुलाचा पेपर मास्तर तपासत असल्यासारखे.

"नीट लिहिलंय, अंकल," ती म्हणाली. "कुठं काय आहे ते शोधावं लागत नाही. वर्षाचे दोन आकडे आहेत त्यांचे चार करायचे, बाकी कशाला हात लावायची गरज नाही."

"बाकी तसंच राहील?"

"तसंच राहील."

"आणि तुझा आमच्याबरोबर काम करेल?"

"करेल की."

अप्पांनी खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. तिच्यासाठी त्यांनी कोपऱ्यावरच्या हॉटेलातून इडली मागवली, आणि ती नको नको म्हणत असताना समोर बसून खायला लावली.

तिची योजना तिनं आम्हाला दोघांनाही नीट समजावून सांगितली होती. पुढे नवा प्रोग्रॅम राहील. गिऱ्हाइकं, तक्रारी, सर्व्हिसच्या तारखा तो सांभाळेल. बिल करायचं झालं की तो आतल्या आत जुन्याला सांगेल, जुना बिल करेल, माल कमी करेल आणि परत नव्याला कळवेल. अट एकच होती. एकदा जोडलं की जुना प्रोग्रॅम कुणी हातानं उघडायचा नाही, कारण दोन्हीकडून एकाच वेळी एकाच फाइलमध्ये लिहिलं गेलं तर फाइल खराब होते.

"बरोबर आहे," अप्पा म्हणाले. "कुणी हात लावायचा नाही त्याला. मेकॅनिकलाही सांग."

त्यांना ती अट फार आवडली. इतके दिवस जो तो तो प्रोग्रॅम फेकायला निघाला होता, आणि ही मुलगी त्याला कुणी हातसुद्धा लावू नये म्हणत होती. मीही खूश होते. सापही मेला आणि काठीही मोडली नाही, असं मला वाटलं. अटीचा अर्थ काय होणार ते आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही, आणि त्या मुलीला तर यात काही ध्यानात यायला हवं हेच ठाऊक नव्हतं.

सोमवारी सुरू करायचं ठरलं. नवं मशीन आलं होतं, रंगीत पडद्याचं. त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. जुनं मशीन मागच्या खोलीत नेऊन ठेवलं होतं आणि त्यातलं सगळं, धाकट्याच्या प्रोग्रॅमसकट, नव्यात आणलं होतं. तेवढ्यात देवळासमोरचे मामा आले, त्यांना एक छोटी मोटर हवी होती. मुलीनं मला दाखवलं तसं मी पडद्यावर मामांना शोधलं. मामा बरोबर मामाच होते, एकटे. मोटर निवडली, एक बटण दाबलं आणि प्रिंटर सुरू झाला. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

अप्पा माझ्या खांद्यावरून वाकून पडद्याकडे बघत होते. "त्याला अजून सुरू केलं नाहीस?" त्यांनी विचारलं.

"सुरू आहे, अप्पा. हे बिल त्याच्यातूनच आलं."

"कधी?"

"आत्ता. आतल्या आत."

अप्पांनी बिल हातात घेतलं. वर दुकानाचं नाव, खाली बारीक अक्षरात गिऱ्हाइकाचं नाव, मांडणी सगळी धाकट्याचीच. त्यांनी ते दोनदा वाचलं. मामा पैसे काढून उभे होते. "बिल त्याचंच आहे," अप्पा म्हणाले. "मग मला काही विचारलं नाही ते?"

मी त्या मुलीकडे बघितलं. तिच्या तोंडावरून कळलं की तिला आत्ता सगळं उमगलं. ती हळू आवाजात म्हणाली, "अंकल, आता विचारायची गरज पडत नाही. त्याला लागणारी सगळी उत्तरं नवा प्रोग्रॅम आधीच देऊन टाकतो."

"हौदा?" अप्पा म्हणाले. असं का, एवढाच त्याचा अर्थ. मग त्यांनी मामांना बिल दिलं आणि मोटर रिक्षात ठेवायला स्वतः बाहेर गेले.

मला रडू आलं नाही, राग आला. कुणावर ते मात्र सांगता येईना. त्या मुलीनं शब्द दिला होता तो तंतोतंत पाळला होता. प्रोग्रॅम चालत होता, कुणी त्याला हात लावत नव्हतं, दोन हजार साल आलं तरी मरणार नव्हता. अप्पांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर 'हो' होतं, आणि तरी त्यांना जे हवं होतं तेच नेमकं गेलं होतं.

दुकानाचं म्हणाल तर भरभराट झाली. हेब्बाळचं काम मिळालं. फोन आला की पडद्यावर त्या माणसाची कुंडलीच यायची, कुठली मोटर, कधी घेतली, कधी बिघडली. खोकणारी अज्जी परत आली. गल्ल्यावर बसून मी तासाभरात जेवढं काम उरकायची तेवढ्याला आधी अर्धा दिवस लागायचा. अप्पा मात्र येऊन स्टुलावर बसायचे, चहा प्यायचे आणि पडद्याकडे बघत राहायचे. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं त्यांना. सगळं इंग्रजी, आणि कुणी त्यांना हाक मारत नव्हतं. मग ते उशिरा यायला लागले. मग सकाळचे येईनासेच झाले. घरी खिडकीशी बसून राहायचे आणि मी दुपारी जेवायला जायची तेव्हा सकाळचा चहा तसाच साय धरून पडलेला असायचा.

ती मुलगी एकदा आमच्या घरी आली. तिला चैन पडत नव्हती. ती म्हणाली, "अंकल, जुनी सगळी वाक्यं मला माहीत आहेत. ती मी नव्या पडद्यावर दाखवते. अगदी तीच अक्षरं, तोच रंग."

"म्हणजे तू लिहिणार?"

"हो. शब्द तेच."

अप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "नको गं पुट्टी. ते मग तुझं होईल," म्हणाले. पुट्टी म्हणजे बाळ. ती पायऱ्या उतरून गेली तेव्हा डोळे पुसत होती.

शेवटी मी माझं डोकं चालवलं. मागच्या खोलीतलं जुनं मशीन फडक्याखाली झाकून ठेवलेलं होतं. त्यातला धाकट्याचा प्रोग्रॅम आम्ही पुसला नव्हता. त्यातली गिऱ्हाइकं, माल सगळं जोडणीच्या आधीच्या दिवसापर्यंतचं होतं. नव्या मशीनशी त्याचा काही संबंध नाही, मग तिथे कुणी किती बटणं दाबली तरी काय बिघडणार? इतकी सोपी गोष्ट आधी का सुचली नाही म्हणून मी स्वतःवरच चिडले. एका शनिवारी मी ते मशीन पुसून टेबलावर मांडलं, जुना प्रिंटर जोडला, खुर्चीवर उशी ठेवली.

रविवारी दुकान बंद असतं. मी अप्पांना म्हटलं, "चला, दुकानात स्वल्प काम आहे." ते आले. मागच्या खोलीत नेऊन मी बटण दाबलं. मशीन खरखरायला लागलं तेव्हा अप्पा उभेच होते. हिरवी अक्षरं उमटली. चहाचा प्रश्न आला. अप्पा पुढे झाले, एका हातानं टेबल धरलं आणि हळूहळू खुर्चीवर बसले.

"झाला रे," म्हणाले.

मी दाराशी सरले. त्यांनी टाकीवाल्या अक्काला शोधलं. तिला एक मोटर लावली. मधे आकडा चुकला, चष्मा घाला म्हणून पडद्यानं सांगितलं, आणि अप्पा "घातलाय की" म्हणून हसले. मी देवाला हात जोडले. रोज सकाळी असं होईल, चहा इथेच आणून देईन, असं मनाशी ठरवूनही टाकलं. बिल छापून झालं. अप्पांनी ते फाडलं, उजेडाकडे धरून वाचलं आणि माझ्याकडे वळले.

"हे कुणाला द्यायचं?"

"कुणाला नाही, अप्पा. खरं काम पुढच्या मशीनवर होतं. हे फक्त तुमच्यासाठी ठेवलंय. रोज बसा की इथे."

"म्हणजे अक्कानं मोटर घेतली नाही."

"नाही."

"आणि गोदामातला माल कमी झाला नाही."

"नाही."

त्यांनी बिल टेबलावर ठेवलं आणि त्यावरून हात फिरवत राहिले. पडद्यावर पुढच्या गिऱ्हाइकाचा प्रश्न येऊन थांबला होता.

"तो दुकानासाठी राबला गं," ते म्हणाले. "खेळ नव्हता केला त्यानं. आता बापाला बरं वाटावं म्हणून त्याच्याकडून खोटी बिलं करवून घेऊ?"

"तसं नाही, अप्पा. तुम्हाला त्याच्याशी बोलता यावं, एवढंच."

"तो कुठं बोलतोय?" अप्पांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "मी बटण दाबतोय आणि त्यानं कधीतरी लिहून ठेवलेलं येतंय. काम होतं तोवर मला ते कळत नव्हतं. आता काम नाही. गेला की गं तो, अक्का. माझं पोर गेलं."

हे त्यांनी तोवर एकदाही म्हटलं नव्हतं. इस्पितळातून त्याला घरी आणला तेव्हा नाही, तेराव्याला नाही, एवढ्या वर्षांत एकदाही नाही. ते म्हणत नाहीत म्हणून मीही कधी म्हटलं नव्हतं. अप्पांनी स्वतःच्या हातानं मशीन बंद केलं. मी त्यांच्या खुर्चीशेजारी खाली फरशीवर बसले, त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं, आणि आम्ही दोघं मोठमोठ्यानं रडलो. शटर खाली होतं, रविवार होता, मोटर मागायला कुणी येणार नव्हतं.